भीमथडीचा घोडा आणि त्याचे राखणदार

पुण्याच्या पूर्वेस घोड, भीमा, कऱ्हा आणि नीरा या नद्यांच्या आसपास जो उघडा, खडकाळ आणि पर्जन्यास पारखा असा मुलूख पसरला आहे, त्यातील भीमाकाठच्या पट्ट्यास जुन्या कागदपत्रांत भीमथडी म्हटलेले आढळते. इंग्रजी अमलात पुणे जिल्ह्याचा एक तालुकाच या नावाने ओळखला जाई आणि आजच्या बारामती व दौंड या तालुक्यांतील बराच प्रदेश त्यात मोडत असे. सह्याद्रीने पश्चिमेकडील मेघ अडवून धरल्यामुळे येथे भाताची खाचरे नाहीत की दाट अरण्ये नाहीत. ज्वारी-बाजरीची कोरडवाहू शिवारे, त्यांच्या मधून गेलेले माळ, आणि त्या माळांवर पावसाळ्यानंतर पिवळे पडत जाणारे कुसळी, पवन्या व मारवेल जातीचे गवत, एवढीच या भूमीची पूर्वापार संपत्ती. परंतु कोरडी हवा, कठीण भूपृष्ठ, बेताचा पण सकस चारा आणि ज्वारीचा कडबा या गोष्टी जेथे एकत्र येतात तेथे घोडा चांगला निपजतो, आणि ज्या तट्टांनी मराठ्यांचे राज्य नर्मदेपलीकडे नेले त्यांतील पुष्कळशी याच माळांवर वाढली. त्या घोड्याविषयी लिहिताना आपल्याकडे पागा, सरदार आणि लढाया यांचाच उल्लेख होतो. राज्य गेल्यानंतरची दोनशे वर्षे तो कोणी सांभाळला हे मात्र सहसा सांगितले जात नाही, आणि माझ्या मते या जनावराच्या भवितव्याचा विचार करणाऱ्याने तेच आधी समजून घेतले पाहिजे.

पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात, बहामनी सुलतानांची राजधानी बिदर येथे असताना, अफानासी निकितिन नावाचा एक रशियन व्यापारी एकच उमदा घोडा बरोबर घेऊन चौलच्या बंदरात उतरला आणि घाट चढून जुन्नरला आला. तेथील खानाने त्याचा घोडा हिरावून घेतला, धर्मांतर केल्यास घोडा परत देऊ आणि वर द्रव्यही देऊ असे सांगितले, आणि मोठ्या मिनतवारीने व दुसऱ्या एका वजनदार गृहस्थाच्या मध्यस्थीनेच ते जनावर त्याच्या हाती परत आले. या निकितिनने आपल्या प्रवासवृत्तान्तात लिहून ठेवले आहे की या देशात घोडे निपजत नाहीत, बैल आणि म्हशी तेवढ्या निपजतात. आणि परदेशातून आणलेल्या घोड्यांना येथे कडधान्य चारतात व खिचडीही शिजवून घालतात. जुन्नर म्हणजे भीमेच्या खोऱ्यातलेच गाव. तेव्हा या साक्षीदाराचे म्हणणे खरे मानले तर भीमथडीच्या घोड्याची परंपरा त्यानंतरची ठरते. परंतु हा साक्षीदार घोड्यांचा व्यापारी होता, आणि अमीर-उमरावांना जो घोडा विकता येईल तोच त्याच्या लेखी घोडा होता. बाजारहाटाच्या ओझ्याखाली चालणारे, पावसात भिजणारे, कडब्याच्या ताटावर जगणारे गावठी तट्टू त्याच्या डोळ्यांसमोरून गेले असेल तरी त्याची गणना त्याने घोड्यांत केली नसावी, असे मला वाटते. हेच दृष्टिवैगुण्य पुढील पाच शतके अनेकांच्या ठिकाणी आढळते.

अरबी आणि इराणी घोडे या काळी चौल, दाभोळ, गोवा, भटकळ अशा बंदरांतून दक्षिणेत येत. १५१० मध्ये गोवा हस्तगत केल्यावर पोर्तुगीजांनी या व्यापाराची सारी सूत्रे आपल्या हाती घेतली, कारण विजयनगर आणि आदिलशाही ही दोन्ही राज्ये घोड्यांसाठी त्यांच्या तोंडाकडे पाहत आणि जकातीचे उत्पन्न मोठे होते. समुद्रमार्गे आलेला घोडा महाग पडे, दख्खनच्या हवेत तो पुष्कळदा टिकत नसे, आणि त्याची बडदास्त ठेवणे सामान्य शिपायाच्या आटोक्याबाहेरचे असे. त्या परकी नरांचे रक्त हळूहळू गावठी घोड्यांत उतरत गेले आणि त्या संकरातून, माळाच्या कठोर निवडीतून, मध्यम उंचीचा, आखूड पाठीचा, टणक खुरांचा, थोड्या चाऱ्यावर लांब मजल मारणारा असा घोडा सिद्ध झाला, ही उपपत्ती मला सर्वांत ग्राह्य वाटते. ती पूर्णपणे सिद्ध करील असा एखादा कागद दाखविता येत नाही, परंतु सतराव्या शतकात जे घडले ते अशा घोड्यावाचून घडूच शकले नसते.

श्रीशिवछत्रपतींच्या घोडदळाची व्यवस्था कृष्णाजी अनंत सभासदाने आपल्या बखरीत नमूद केली आहे. ज्याचा घोडा सरकारी तो बारगीर आणि जो स्वतःचे घोडे-हत्यार घेऊन चाकरीस येई तो शिलेदार. पंचवीस बारगिरांवर एक हवालदार, पाच हवालदारांचा एक जुमला, दहा जुमल्यांवर एक हजारी, पाच हजाऱ्यांवर एक पंचहजारी, आणि सर्वांवर सरनोबत. यांतील एक तपशील मला नेहमी विशेष अर्थपूर्ण वाटत आला आहे: दर पंचवीस घोड्यांमागे एक पखालजी आणि एक नालबंद नेमलेला असे. घोडे किती हे कोणताही राजा मोजतो. घोड्याला पाणी कोण पाजणार आणि त्याचा नाल कोण ठोकणार याची तजवीज मात्र घोडा ज्याने खरोखर सांभाळला आहे त्यालाच सुचते. पावसाळा तोंडावर आला की लष्कराने छावणीस परतावे, तेथे दाणा, वैरण आणि औषधे आधीच साठवून ठेवावीत, आणि दसरा होताच पुन्हा मुलूखगिरीस निघावे, असा वर्षाचा क्रम ठरलेला होता.

राज्याभिषेकाच्या सुमाराचे महाराजांचे एक पत्र प्रसिद्ध आहे. चिपळूणच्या आसमंतात पावसाळी छावणीस राहिलेल्या जुमलेदार, हवालदार आणि कारकून मंडळींना ते लिहिलेले आहे. साठविलेला दाणा आणि गवत आताच मनमानी उधळाल तर पावसाळ्याच्या शेवटी काहीच उरणार नाही, घोडी उपाशी मरतील आणि ती तुम्हीच मारल्यासारखे होईल. मग तुम्ही रयतेच्या घरात शिरून कोणी दाणे, कोणी भाकर, कोणी गवत, कोणी भाजीपाला नेऊ लागाल, आणि रयतेला मोगलांपेक्षाही तुम्ही वाईट वाटाल. रात्री दिवे तसेच ठेवाल तर उंदीर पेटती वात ओढून नेतील, गवताच्या गंजीस आग लागेल, आणि गवत जळाले की घोडी जगणार नाहीत, असा त्याचा आशय आहे. हे पत्र राजाच्या प्रजावात्सल्याचा पुरावा म्हणून उद्धृत केले जाते आणि ते योग्यच आहे. परंतु पशुपालनाच्या दृष्टीने वाचले असता त्यातून आणखी एक गोष्ट स्पष्ट होते. घोडा जगतो तो गवताच्या गंजीवर, गंज उभी राहते ती रयतेच्या श्रमावर, आणि रयत नाडली गेली की घोड्याचाही अंत ओढवतो, ही साखळी त्या पत्राच्या कर्त्याने पूर्ण ओळखली होती.

पागेतील घोडे राज्याचे असले तरी ते जन्माला येत ते पागेत नव्हे. भीमा-नीरेच्या खोऱ्यात कुणब्याच्या गोठ्याशेजारी आणि धनगराच्या वाड्यावर घोडी बांधलेली असे. तिचे शिंगरू दोन-तीन वर्षांचे झाले म्हणजे ते शिलेदारास विकावे, किंवा घरातल्याच एखाद्या पोराने त्याच्यावर खोगीर टाकून शिलेदारीस निघावे, असा रिवाज पडला. शिलेदाराचे सारे भांडवल म्हणजे त्याचा घोडा. तो पडला आणि भरपाई मिळाली नाही तर त्याची रोजी बुडाली आणि इभ्रतही गेली. त्यामुळे घोड्याच्या लक्षणांविषयीची जाण ही या मुलखात केवळ पंडितांच्या शालिहोत्रात राहिली नाही. कुम्मैत, सुरंग, अबलख, पंचकल्याणी असे रंगभेद आणि अंगावरील भोवऱ्यांचे शुभाशुभ गावातल्या अडाणी म्हणवणाऱ्या माणसालाही तोंडपाठ असत. अठराव्या शतकाच्या अखेरीस पेशव्यांच्या चाकरीत असलेल्या विल्यम टोन नावाच्या आयरिश अंमलदाराने मराठ्यांच्या संस्थांविषयी जे लिहिले, त्यात भीमेच्या काठी निपजणाऱ्या घोड्याला त्याने इतर देशी घोड्यांहून वरचे स्थान दिले आहे. मध्यम बांध्याचा, बळकट, देखणा, बहुधा गडद तांबूस रंगाचा आणि काळ्या पायांचा, असे त्याचे वर्णन आहे. आपल्याकडे ज्याला कुम्मैत म्हणतात तोच हा रंग. हे घोडे १७५८ साली राघोबादादांच्या लष्कराबरोबर लाहोरात शिरले, आणि तीन वर्षांनी पानिपतावर असंख्य पडले.

१८१८ मध्ये पेशवाई बुडाली. राज्यकर्ता बदलला म्हणजे दफ्तरे, किल्ले, जमिनीचे धारे यांचे काय झाले याची नोंद राहते. हजारो शिलेदार एका हंगामात बेकार झाले तेव्हा त्यांच्या दावणीच्या घोड्यांचे काय झाले, याची नोंद कोण ठेवणार? काही थोडे स्वार इंग्रजांच्या नव्या रिसाल्यांत गेले. १८१७ मध्ये उभा राहिलेला पुण्याचा रिसाला पुढे पूना हॉर्स या नावाने नामांकित झाला, आणि शिलेदारी ही पद्धतदेखील इंग्रजी फौजेतील कित्येक रिसाल्यांतून पहिल्या महायुद्धापर्यंत टिकून राहिली. परंतु इंग्रज अधिकाऱ्याला तोफखान्यास आणि उंच्यापुऱ्या गोऱ्या स्वारास चालेल असा थोराड घोडा हवा होता. त्यासाठी विलायती आणि अरबी नर गावोगाव फिरविण्यात आले. या उपक्रमाला तेव्हा सुधारणा म्हणत. उंची वाढली की जात सुधारली, हा त्यामागील समज होता. माळावरच्या दुष्काळात जी घोडी कडब्याच्या चिपाडांवर तग धरी तिची ती शक्ती उंचीच्या मापात बसत नव्हती, म्हणून ती कोणी मोजली नाही.

पुढील आघात एकामागून एक झाले आणि त्यांतील कोणताच घोड्याला उद्देशून केलेला नव्हता. लोहमार्ग १८५८ मध्ये पुण्यास आला आणि थोड्याच अवधीत दौंडावरून सोलापूरकडे गेला. वंजाऱ्यांचे तांडे आणि तट्टांचे काफिले जो माल वाहत तो आगगाडी वाहू लागली. १८७६ ते १८७८ च्या घोर दुष्काळात माणसेच देशोधडीस लागली, तेथे जनावरांची कथा काय सांगावी. १८८५ च्या सुमारास नीरेचा डावा कालवा वाहू लागला, आणि बारामतीच्या बाजूस जेथे पूर्वी गवत होते तेथे हळूहळू उसाचे मळे उभे राहिले. कालव्याने या भागातील शेकडो कुटुंबांचे दैन्य फिटले, याविषयी दुमत होण्याचे कारण नाही. मात्र माळ जसजसा आक्रसत गेला तसतसा चराऊ जनावरांचा आधार तुटत गेला, हेही तितकेच खरे. त्यातच १८७८ च्या जंगल कायद्याने डोंगरउतारांवरील चराईवर निर्बंध आले. अखेरीस १९८० च्या सुमारास उजनीचे धरण पुरे होऊन भीमेचा पुष्कळसा काठ जलाशयाखाली गेला.

अशा स्थितीत हा घोडा नामशेष व्हावयास हवा होता. तो झाला नाही, याचे श्रेय ज्यांच्याकडे जाते ते पूर्वीच्या सरदारांचे वंशज नव्हेत आणि सरकारी खातेही नव्हे. ते जाते फलटण, बारामती, माण, खटाव, पारनेर अशा दुष्काळी टापूंतील मेंढपाळ धनगरांकडे.

धनगरांचा वर्षक्रम शिवकालीन लष्कराच्या वर्षक्रमाशी विलक्षण जुळतो. पावसाळ्यात कळप घरच्या माळावर असतात. दसरा-दिवाळीच्या सुमारास गवत वाळू लागले की वाडे हलतात, घाट उतरून कोकणात किंवा दुसऱ्या बागायती मुलखात जातात, आणि मृगाच्या आधी परततात. या वाटेवर प्रत्येक मुक्कामी शेतकरी त्यांना आपल्या रिकाम्या वावरात मेंढरे बसविण्यास सांगतो, कारण एका रात्रीत पडलेले लेंडीखत आणि मूत्र त्याच्या पुढील पिकास पुरते. मोबदला म्हणून धनगराला धान्य किंवा पैसे मिळतात. आता या वाटचालीत पुरुष मेंढरांमागे असतात, आणि सारा संसार हलविण्याचे काम स्त्रियांचे असते. पहाटे पाल मोडणे, भांडीकुंडी, धान्याच्या गोणी, घोंगडी, कोंबड्या आणि आईबरोबर चालू न शकणारी नवजात कोकरे हे सगळे घोड्यांच्या पाठीवर दोन्ही बाजूंस तोलून बांधणे, वर कधी लहान मूल बसविणे, आणि तो तांडा पुढील मुक्कामी नेऊन पुरुष पोहोचण्यापूर्वी चूल पेटविणे, हा त्यांचा नित्याचा दिनक्रम. भीमथडीच्या घोड्याची जोपासना गेली दोन शतके मुख्यतः या स्त्रियांनी केली आहे. कोणती घोडी ओझ्याखाली अंग चोरते, कोणती ओढ्याच्या पाण्यात बिचकते, कोणत्या घोडीची शिंगरे पायाने खंबीर निघतात, हे ज्ञान त्यांच्यापाशी आहे आणि ते अजून कोणी लिहून घेतलेले नाही असेच म्हटले पाहिजे.

येथे निवडीची कसोटी बदलली, ही गोष्ट ध्यानात घेण्यासारखी आहे. शिलेदाराला वेग आणि दम हवा होता. धनगराला दम आणि गरिबी, म्हणजे स्वभावाचा शांतपणा, हवा होता. तरीही घाट चढण्याची ताकद, नालावाचून चालणारे खूर, उघड्यावर राहण्याची सवय, वाटेत मिळेल त्या गवतावर निभावण्याची प्रकृती, हे जे त्या घोड्याचे मूळ वैभव ते दोघांनाही सारखेच आवश्यक असल्यामुळे अबाधित राहिले. सुखवस्तू माणसाने केवळ हौसेखातर हा घोडा पाळला असता तर एकोणिसाव्या शतकातच तो अरबी रक्तात विरघळून गेला असता.

आज मात्र ही शेवटची राखणही ढिली होत चालली आहे. गायराने उरली नाहीत, उरली तेथे अतिक्रमणे झाली. माळांना पडीक जमीन ठरवून त्यांवर कारखाने, वसाहती आणि काही ठिकाणी झाडांच्या लागवडी आल्या. पूर्वीच्या पायवाटा महामार्गांखाली गेल्या आणि भरधाव वाहनांनी मेंढरांचे कळप चिरडल्याच्या वार्ता वारंवार येतात. मुले शाळेत जाऊ लागली, हे तर आनंदाचेच. परंतु त्यामुळे वाड्यावर माणूस कमी पडतो, आणि बिऱ्हाड हलविण्यास टेम्पो भाड्याने मिळतो. घोड्याचे काम संपले की घोडा विकला जातो. २०१२ च्या पशुगणनेत साऱ्या देशात घोडे व तट्टे मिळून सव्वासहा लाखांच्या घरात होती. २०१९ च्या गणनेत ती सुमारे ३ लाख ४० हजार राहिली. सात वर्षांत पंचेचाळीस टक्क्यांहून अधिक घट झाली, आणि त्यातही ज्या जातीला दरबारी प्रतिष्ठा नाही ती आधी नाहीशी होणार हे उघड आहे.

काही वर्षांपूर्वी कर्नाल येथील राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्यूरोने भीमथडी ही घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंदविली आणि मारवाडी, काठियावाडी, मणिपुरी, झांस्कारी अशा जातींच्या पंक्तीत तिला स्थान मिळाले. त्याच सुमारास, म्हणजे १९ फेब्रुवारी २०२३ पासून, राजा बढे यांचे जे गीत महाराष्ट्राचे राज्यगीत झाले त्यातही भीमथडीच्या तट्टांचा उल्लेख आहे. हा मान योग्य आहे आणि ज्यांनी त्यासाठी खटपट केली त्यांचे ऋण मानले पाहिजे. परंतु नोंद झाल्याने शिंगरू जन्माला येत नाही. ते जन्माला येते जेव्हा एखाद्या कुटुंबाला घोडी बाळगणे परवडते, आणि परवडण्यासाठी तिला काम हवे, चारा हवा, आणि तिच्या जातीचा नर जवळपास हवा.

या तिन्ही बाबतींत सामान्य माणसाला करता येण्याजोगे पुष्कळ आहे. इंग्लंडातील एक्समूर नावाच्या माळावरची तट्टे दुसऱ्या महायुद्धानंतर कशीबशी पन्नासच्या घरात उरली होती. ती वाचली ती तेथील शेतकऱ्यांच्या आणि तट्टांवर जीव असलेल्या स्थानिक लोकांच्या चिकाटीने. आपल्या देशात मणिपूरचे तट्टू टिकून राहिले ते तेथील लोकांचा पोलोचा नाद सुटला नाही म्हणून. भीमथडीच्या घोड्यालाही असाच एखादा नवा उपयोग मिळवून द्यावा लागेल. त्याची उंची बेताची, स्वभाव गरीब आणि पाय खात्रीचा. मुलांना घोड्यावर बसण्याचे शिक्षण देणाऱ्या शाळांना, डोंगरवाटांनी गडकोट पाहावयास निघणाऱ्या मंडळींना आणि शेतावर पाहुण्यांची सोय करणाऱ्या कुटुंबांना याहून सोईचा घोडा मिळणार नाही. आषाढीच्या वारीत आळंदीच्या पालखीपुढे बेळगावकडील अंकलीच्या शितोळे सरकारांचे अश्व असतात आणि रिंगणाच्या वेळी लाखो वारकरी त्यांच्या टापांखालची माती कपाळी लावतात. तुकोबांच्या पालखीभोवती तर बारामतीजवळ काटेवाडीस मेंढ्यांचेही रिंगण होते. ज्या समाजात ही श्रद्धा अजून जिवंत आहे त्याने गावोगावच्या खंडोबाच्या, बिरोबाच्या, म्हस्कोबाच्या जत्रेत देवाचा घोडा म्हणून याच मुलखातील घोडा सजवावा, एवढी अपेक्षा फार मोठी नाही. लग्नाच्या वरातीसाठी पांढराशुभ्र, उंच घोडाच हवा असा जो हट्ट अलीकडे दिसतो, त्याने भीमथडीच्या घोड्याचे मोल बाजारात उतरविले आहे.

हाच हट्ट नराच्या बाबतीत अधिक घातक ठरतो. सारंगखेडा, माळेगाव, अकलूज येथील घोडेबाजारांत मारवाडी आणि काठियावाडी घोड्यांच्या किमती मोठ्या येतात, त्यामुळे भीमथडीच्या घोडीवर तसला नर घालून शिंगराची उंची वाढविण्याचा मोह गरीब माणसाला होणे स्वाभाविक आहे, आणि त्याबद्दल त्याला दोष देणे मला तरी अन्यायाचे वाटते. एका शिंगराच्या विक्रीत त्याच्या घरचे लग्न निभावते. म्हणून ज्यांना ऐपत आहे अशा शेतकऱ्यांनी, पतपेढ्यांनी किंवा गावच्या तरुण मंडळांनी वर्गणी करून एखादा चांगला, त्याच जातीचा नर पाळावा, त्याच्या चंदी-वैरणीचा खर्च सोसावा, आणि आसपासच्या वाड्यांना तो विनामूल्य उपलब्ध करून द्यावा. आणि त्यापासून झालेले शिंगरू वाजवी किमतीस विकत घेण्यास कोणीतरी बांधलेला असावा. गावचा वळू साऱ्या शिवारात चरत असे आणि त्याला कोणी हुसकीत नसे, ही रीत ज्यांच्या आजोबांनी पाळली त्यांना यात अपूर्व असे काही वाटू नये. दर दोन-चार वर्षांनी नर दुसऱ्या टापूतील मंडळींशी बदलून घेतला म्हणजे जवळच्या रक्ताचा दोषही टळेल.

चाऱ्याचा प्रश्न घोड्याचा एकट्याचा नाही. तो मेंढराचा आहे, आणि मेंढरे गेली तर घोडा राहत नाही. ज्या गावाच्या शिवारातून वाडे जातात तेथील ग्रामसभेने आपले गायरान मोजून त्याची हद्द कायम करावी, वाटेवरील तलावाचे पाणी त्यांना खुले ठेवावे, आणि एखाद्या मुक्कामापुरती जागा राखून ठेवावी. २००६ च्या वनहक्क कायद्याने भटक्या पशुपालकांच्या हंगामी चराईचा हक्क मान्य केलेला आहे, परंतु तो मागावा कसा हे त्यांना समजावून देणारा, कागद लिहून देणारा माणूस हवा. खेड्यातला शिक्षक, निवृत्त तलाठी किंवा वकिलीचा अभ्यास करणारा विद्यार्थी हे काम करू शकतो. शहरातील माणसाने दख्खनी लोकरीचे घोंगडे विकत घ्यावे आणि मेंढरांचा कळप रस्त्यावर आला असता गाडी थांबवून त्यास जाऊ द्यावे. यापैकी एकही कृत्य घोड्यासाठी केलेले दिसत नाही, पण त्या साऱ्यांवर घोड्याचे जीवित अवलंबून आहे.

नोंदीविषयी मी अधिक आग्रही आहे. पुण्याच्या पेशवे दफ्तरातील रुमाल उलगडून पाहणाऱ्याला पागांचे जमाखर्च आणि याद्या सापडतात. त्या काळचा कारकून घोड्याचा रंग, वय आणि खूण लिहून ठेवी, कारण त्यावाचून बदली घोडा दाखवून पगार उचलणाऱ्यास आळा बसला नसता. राज्याच्या खजिन्यासाठी जी दक्षता तेव्हा घेतली गेली ती जातीच्या रक्षणासाठी आज घ्यावयास हवी. २००२ च्या जैवविविधता कायद्यानुसार प्रत्येक ग्रामपंचायतीने लोक जैवविविधता नोंदवही ठेवावयाची असते, आणि पाळीव जनावरांच्या स्थानिक जाती तीत लिहिण्याची सोय आहे. पुष्कळ गावांत ती वही कोरी किंवा घाईने भरलेली असते. तीत प्रत्येक घोडीचे नाव, रंग, अंगावरच्या खुणा, अदमासे वय, तिला कोणत्या नरापासून कोणत्या वर्षी शिंगरू झाले आणि ते पुढे कोणाकडे गेले, एवढे जरी प्रतिवर्षी लिहिले, आणि ते लिहिताना त्या वाड्यावरील वृद्ध स्त्रियांस बोलते केले, तर दहा वर्षांत या जातीची खरी वंशावळ तयार होईल. हे काम करावयास पावसाळ्याचे चार महिने सोयीचे, कारण तेव्हा वाडे आपापल्या गावाशी असतात आणि माणसांना सवड असते. दिवाळीनंतर ते घाटाखाली उतरलेले असतात, आणि मग पनवेल, पेण, भिवंडीकडील ज्या शेतात त्यांचा मुक्काम पडेल तेथील लोकांनी पुढील नोंद आपल्या वहीत घेऊन ती मूळ गावाकडे पाठवावी.